दोन गुडघे आणि एकाच सर्जनची वीस वर्षे

आमच्या घरातले दोन गुडघे एकाच अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखालून गेले आहेत. पहिला माझा, २००४ साली. दुसरा माझ्या मुलीचा, २०२२ साली. पुढे २०२४ मध्ये मी माझाच जुना गुडघा घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया करायला नकार दिला. हा अभिप्राय या तिन्ही अनुभवांवर आधारलेला आहे. मी व्हॉलीबॉल खेळलो आणि आता शिकवतो, त्यामुळे गुडघा लचकला की अनेक पालक मला विचारतात, कोणाकडे जावे आणि डॉक्टर चांगले आहेत हे ओळखावे कसे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुतेकांचे लक्ष दोनच गोष्टींकडे असते : छेद किती लहान आणि घरी सोडणार कधी. या दोन्ही बाबतींत या डॉक्टर २००४ मध्येही उत्तमच होत्या. त्यांच्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते त्यानंतरच्या वीस वर्षांत घडले आहे.

२००४ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ब्लॉक करून खाली उतरताना पाय वळला आणि गुडघा जो वाकला तो सरळ होईना. मेनिस्कस, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामधली कूर्चेची गादी, लांबीला फाटून तिचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकला होता. डॉक्टर त्या वेळी स्वतंत्र व्यवसायात नवीन होत्या. अस्थिशल्यचिकित्सेचे शिक्षण संपवून, क्रीडावैद्यकातील फेलोशिप पूर्ण करून त्यांना फार काळ झालेला नव्हता. मला कमरेखाली भूल दिली होती आणि दुर्बिणीतले दृश्य दाखवणारा पडदा माझ्या नजरेच्या टप्प्यात होता, त्यामुळे माझ्या गुडघ्याच्या आतले दृश्य मी स्वतः पाहिले. सलाइनने फुगवलेल्या सांध्यात शेवाळासारखे बारीक धागे हलत होते, मागे हाडांचे गुळगुळीत पांढरे गोलवे दिसत होते आणि त्यांच्यामध्ये तो फाटका तुकडा चिमटल्यासारखा अडकला होता. डॉक्टरांनी तो कापून काढला. दुसऱ्या दिवशी मी पायावर उभा राहिलो, सहा आठवड्यांनी मैदानावर उतरलो आणि पुढची कितीतरी वर्षे या शस्त्रक्रियेची तारीफ करत राहिलो.

या तंत्राचे कौतुक करायला जागा आहेच. गुडघ्यासाठी वापरतात ती दुर्बीण साधारण चार मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या टोकावरचे भिंग बहुधा तीस अंशांनी तिरके असते, त्यामुळे ती नुसती स्वतःभोवती फिरवली तरी कोपऱ्यामागचे दिसते. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरहून लहान छेद घेतात. एकातून दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यार. सर्जनची नजर गुडघ्यावर नसते, पडद्यावर असते, आणि दोन वेगळ्या दिशांनी आत गेलेली टोके नेमकी एकाच जागी भेटवायची असतात. शिकाऊ डॉक्टरांना हा त्रिकोण साधायलाच फार वेळ लागतो, असे आमच्या डॉक्टर सांगतात. पूर्वी याच कामासाठी सांधा उघडावा लागे आणि निव्वळ त्या जखमेतून सावरण्यात खेळाडूचे कित्येक आठवडे जात.

सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना कोणाला सुचली, असे मी त्यांना एकदा विचारले होते. टोकियोच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, ही गोष्ट त्यांनी फार प्रेमाने सांगितली. क्षयाने आखडणारे गुडघे लवकर ओळखता यावेत, ही ताकागींची धडपड होती. खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी वर्षानुवर्षे दुर्बिणी सुधारत नेल्या आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटक्या मेनिस्कसचा तुकडा काढून दाखवला. १९६४ साली टोकियोला गेलेले कॅनडाचे सर्जन रॉबर्ट जॅक्सन हे तंत्र वातानाबे यांच्याकडून शिकून परतले आणि तिथून ते पश्चिमेकडच्या खेळाडूंपर्यंत पोहोचले. ताकागींनी पहिल्यांदा गुडघ्यात डोकावले तेव्हापासून पहिला तुकडा निघेपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली, याकडे डॉक्टरांनी माझे मुद्दाम लक्ष वेधले होते. आधी नीट पाहायला शिकायचे आणि मग कापायला, हा क्रम त्यांना महत्त्वाचा वाटतो.

मुलीची दुखापत वेगळी होती. ती सतरा वर्षांची असताना उडी मारून एका पायावर उतरली, गुडघा आत झुकला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयची फिल्म आमच्या हातात होती, पण डॉक्टरांनी ती बाजूला ठेवून आधी मुलीला झोपवले आणि चांगला पाय हातात घेतला. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची, ही लॅकमनची चाचणी. चांगल्या पायाची नडगी थोडी सरकून दोर ताणावा तशी टक्कन थांबली. दुखऱ्या पायाची पुढे सरकतच राहिली, कुठे थांबाच लागला नाही. त्यानंतर त्यांनी मुलीचाच हात आपल्या हाताखाली ठेवून तिला तो फरक जाणवून दिला. आपल्या गुडघ्यात काय तुटले आहे हे तिला त्या क्षणी कळले. तोपर्यंत ती सगळ्या कागदपत्रांकडे परक्यासारखी पाहत होती.

निदान झाले : एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जोडणारा गुडघ्याच्या मध्यातला पुढचा तिरपा बंध, पूर्ण तुटला होता आणि बाहेरच्या मेनिस्कसला कडेपाशी फाट होती. लगेच तारीख मिळेल अशी आमची समजूत होती. डॉक्टरांनी आधी सुमारे तासभर समजावून सांगितले आणि त्या तासाला मी या संपूर्ण सेवेत सर्वांत वरचे स्थान देतो. एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय माणसांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींची शस्त्रक्रिया लगेच केली, तर ५९ जणांना आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच पुढे शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांना ती करावी लागली, बाकीच्यांना लागली नाही आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार फरक आढळला नाही. हे सांगून झाल्यावर, मग आमच्या मुलीसाठी त्या शस्त्रक्रिया का सुचवत आहेत, याची कारणे त्यांनी दिली. तिचा खेळ सतत उड्यांचा आणि वळण्याचा आहे, तिला त्याच पातळीवर परतायचे आहे आणि मेनिस्कसची फाट कडेला आहे, जिथे रक्तपुरवठा असतो आणि शिवले तर भरून येण्याची आशा असते. गुडघा अस्थिर राहिला तर ती शिवण टिकणार नाही.

नवा बंध कशाचा करायचा, यावरही त्यांनी मुलीशी चर्चा केली, माझ्याशी नव्हे. वाटीखालच्या कंडऱ्याचा (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडांसकट घेतला, तर तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण किंचित कमी दिसते. पण नंतर गुडघा टेकताना दुखू शकतो, आणि व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलताना गुडघ्यावर घसरावे लागते. शिवाय उड्या मारणाऱ्यांचा तो कंडरा आधीच कुरकुरत असतो. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचे कंडरे घेतले, तर हा त्रास टळतो, पण गुडघा मागे खेचण्याची ताकद भरून यायला कष्ट घ्यावे लागतात. मुलीने दोन दिवस विचार करून हॅमस्ट्रिंग निवडले. कागदावर सही माझी होती, तरी निर्णय तिचा होता, आणि पुढच्या नऊ महिन्यांत कंटाळा आला तेव्हा ही गोष्ट फार कामी आली.

शस्त्रक्रिया पाच आठवड्यांनी झाली. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने हात घातला तर तो नंतर कायमचा आखडू शकतो, म्हणून आधी सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे, हे काम फिजिओथेरपिस्टकडे सोपवले होते. दुर्बीण कोण धरणार, कंडरा कोण काढणार, शिकाऊ डॉक्टरांचा सहभाग किती असेल, हे त्यांनी न विचारता सांगितले आणि आमची हरकत असेल तर तसे सांगावे, असेही म्हणाल्या. आम्ही हरकत घेतली नाही. त्यांनाही कोणीतरी कोणाच्या तरी गुडघ्यावर हाताला धरूनच शिकवले असणार.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. टाचेखाली उशी, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि व्यायाम एवढाच की मांडी आवळून तो टॉवेल खाली दाबायचा. जी मुलगी जाळ्यावरून चेंडू मारत होती, तिला हे जमेना. ती दात-ओठ खात होती आणि मांडीचा स्नायू ढिम्म हलत नव्हता. सांधा सुजला की मेंदू त्या स्नायूची दोरी ढिली सोडतो, यात तुझी काही चूक नाही, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले आणि तिच्या मांडीवर स्वतःची दोन बोटे ठेवून वाट पाहत बसली. चौथ्या दिवशी त्या बोटांखाली एक बारीकशी थरथर आली. मुलगी रडली. या सेवेचे मूल्यमापन करताना शस्त्रक्रियेचा दीड तास आणि हे चार दिवस मी सारख्याच तोलाचे धरतो, आणि डॉक्टरही तसेच धरतात, कारण फिजिओथेरपिस्टची टिपणे त्या प्रत्येक भेटीत आधी वाचत आणि मगच गुडघ्याला हात लावत.

मेनिस्कस शिवलेला असल्यामुळे पहिले सहा आठवडे गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नव्हता. त्यानंतर प्रगती झपाट्याने झाली आणि तिथेच खरा धोका होता. बसवलेला कंडरा आधी जणू निर्जीव होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो सावकाश बंधाचे रूप घेतो. त्यामुळे दुखणे थांबून गुडघा छान वाटू लागतो, त्या सुमारास आतला दोर बराच कच्चा असतो, असे डॉक्टर प्रत्येक भेटीत बजावत. सातव्या महिन्यात एक महत्त्वाची निवड चाचणी आली. मुलगी धावत होती, उड्या मारत होती, मलाही ती तयार वाटत होती. जमिनीवर पट्टी चिकटवून एका पायावर उडी मारायला लावली, तेव्हा दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ७८ टक्के भरली. किमान ९० हवे होते आणि नऊ महिनेही पूर्ण झालेले नव्हते. डॉक्टरांनी परवानगी नाकारली. मी प्रशिक्षक म्हणून बरीच रदबदली केली, हे आता मान्य करतो. त्यांनी शांतपणे २०१६ सालच्या एका अभ्यासाचा दाखला दिला : नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. निवड हुकली. साडेदहाव्या महिन्यात ती ९४ टक्क्यांवर पोहोचून मैदानात उतरली आणि आजतागायत तो गुडघा सुखरूप आहे.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि त्या सांगितल्या नाहीत तर हा अभिप्राय अपुरा राहील. दिलेल्या वेळेला आत बोलावणे या दवाखान्यात जवळजवळ कधीच घडत नाही. दोन-अडीच तास कुबड्या घेऊन बसलेल्या माणसासाठी पाय लांब करण्याची सोय तरी असायला हवी. कंडरा काढण्याच्या छेदाजवळून त्वचेच्या मज्जातंतूची एक फांदी जाते, तिला धक्का लागून नडगीच्या वरच्या भागाचा तळहाताएवढा तुकडा बधिर होऊ शकतो, हे आम्हाला आधी सांगितलेले नव्हते. मुलीचा तसा भाग आजही थोडा बधिर आहे. हा परिणाम नेहमी आढळणारा आणि सहसा निरुपद्रवी असला, तरी तासभर इतके सविस्तर सांगणाऱ्या डॉक्टरांकडून हेच राहून जावे, याचे मला वाईट वाटले.

तिसरी उणीव गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या रात्री मुलीची पोटरी सुजून दुखू लागली. शिरेत गाठ होण्याची शक्यता लक्षात घेऊन मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या व्यक्तीने सकाळी या, असे सांगून फोन ठेवला. ती रात्र आम्ही जागून काढली. सकाळी सोनोग्राफीत गाठ नव्हती, पण असती तर ती रात्र महागात पडली असती. डॉक्टरांनी सारवासारव केली नाही. क्षमा मागितली, आणि पुढच्या भेटीपर्यंत कोणत्या सहा तक्रारींसाठी रात्रीही थेट कर्तव्यावरच्या डॉक्टरांना जोडून द्यायचे याचा कागद फोनशेजारी लावलेला होता. तो मी स्वतः पाहिला. तरीही नव्याने जाणाऱ्यांनी रात्रीच्या संपर्काची व्यवस्था आधीच विचारून, लिहून घ्यावी.

आता माझ्या जुन्या गुडघ्याकडे येतो. २०२३ पासून तो जिने उतरताना दुखू लागला. एका अन्य ठिकाणी एमआरआय पाहून ‘गादी पुन्हा फाटली आहे, दुर्बिणीतून साफ करून घ्या’ असा सल्ला मिळाला आणि तारीखही सुचवली गेली. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो तो जवळजवळ शिक्कामोर्तबासाठी. त्यांनी गुडघा तपासला, उभ्याने क्ष-किरण फोटो काढायला लावले आणि म्हणाल्या, “तुमचा गुडघा अडकत नाही, दगा देत नाही. वयाप्रमाणे झिजलेल्या गादीचे काठ कापून तुम्हाला काही मिळणार नाही.” मग त्यांनी कारणे सांगितली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांपैकी काहींना फक्त वरवरचे छेद दिले होते आणि खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा सरस निघाली नाही. २०१३ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ३५ ते ६५ वयाच्या, मेनिस्कस झिजून फाटलेल्या १४६ रुग्णांवर असाच अभ्यास केला आणि निष्कर्ष तसाच आला. २०१७ मध्ये तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अशा झिजेसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

मी विचारले, “मग २००४ मध्ये माझा तुकडा का काढला?” हा प्रश्न मी रागाने विचारला नव्हता, पण त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचा तुकडा खरोखर अडकला होता, काहीतरी करणे भागच होते. पण आज तसा गुडघा समोर आला, तर मी आधी तो तुकडा जागेवर बसवून शिवता येतो का ते पाहीन. तेव्हा माझा हात काढण्याकडेच आधी वळत असे. आज तुमची जी झीज दिसते आहे, तिच्यात त्याचा वाटा असणार.”

वीस वर्षांच्या व्यवसायानंतर, स्वतःच केलेल्या आणि यशस्वी ठरलेल्या शस्त्रक्रियेबद्दल, त्याच रुग्णासमोर असे बोलणारे डॉक्टर मी दुसरे पाहिलेले नाहीत. माझ्या पाहण्यात त्यांच्या कारकिर्दीचा खरा चढ इथे दिसतो. हातातले तंत्र तर सुधारलेच : काढणाऱ्या हाताने शिवणे आत्मसात केले. पण त्याचबरोबर कोणत्या गुडघ्याला हात लावायचा नाही, हेही त्या शिकत गेल्या, आणि ज्या शस्त्रक्रियेवर एके काळी दवाखान्याचे बरेचसे काम चालत असणार तीच त्यांनी पुराव्यापुढे कमी केली. ज्याला क्रीडावैद्यकातला सर्जन निवडायचा आहे, त्याने त्या सर्जनने किती शस्त्रक्रिया केल्या हे जरूर विचारावे, कारण सरावाशिवाय तो त्रिकोण जमत नाही. पण दहा वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असे काय आहे, हेही विचारावे. उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही पाहावे.

ज्यांना महिन्याभरात खेळायचेच आहे आणि त्यासाठी कोणी हो म्हणावे एवढीच अपेक्षा आहे, त्यांनी इथे जाऊ नये, मनस्ताप होईल. लांबच्या रुग्णांनीही फिजिओथेरपीची सोय जवळपास पक्की झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये, कारण त्याशिवाय डॉक्टर तारीख देतच नाहीत. बाकी वाढत्या वयाच्या खेळाडूंच्या पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, मी हे नाव निःशंकपणे सुचवतो. फुटबॉल आणि बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींचा एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आहे, आणि उडीवरून उतरताना गुडघा आत झुकू न देण्याचा सराव मुलीच्या संपूर्ण संघाला शिकवायला या डॉक्टरांनी त्यांच्या फिजिओथेरपिस्टला एका संध्याकाळी मैदानावर पाठवले होते. आमचा प्रत्येक सराव आता त्या पंधरा मिनिटांनीच सुरू होतो.

माझ्या गुडघ्यासाठी त्यांनी तीन महिन्यांचा व्यायाम लिहून दिला. पायरीवर उभे राहून एका पायाने सावकाश खाली उतरायचे, समोर आरसा ठेवायचा आणि वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतून हलू द्यायची नाही. सुरुवातीला सलग आठ वेळाही जमत नव्हते. तीन महिन्यांनी मी त्यांच्यासमोर दोन्ही पायांनी तीस-तीस वेळा उतरून दाखवले. त्यांनी मोजले, फाइलमध्ये आकडा लिहिला आणि पुढच्या भेटीच्या रकान्यात तारखेऐवजी ‘दुखणे वाढल्यासच’ असे लिहून फाइल माझ्या हातात दिली.